हृद्रोगाची ओळख आणि मृत्यूचे दप्तर : बारामती-इंदापूर परिसराच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात, विशेषतः बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत, जुन्या पिढीच्या तोंडी एक विधान वारंवार ऐकू येते. पूर्वी माणसे भाकरी खात, दहा-दहा कोस चालत, आणि हृदयविकार हा शब्दही कोणास ठाऊक नव्हता, असे ते विधान होय. सुशिक्षितही ते मान डोलावून स्वीकारतात. या विधानाचा उत्तरार्ध, म्हणजे शब्द ठाऊक नव्हता हा भाग, बहुतांशी खरा आहे. परंतु शब्द नव्हता म्हणून रोग नव्हता, हे अनुमान इतिहासाच्या अभ्यासकास सहजासहजी मान्य करता येत नाही. रोगाचा इतिहास लिहावयाचा तर तो रोग ओळखणारा कोण होता, त्याने तो कोणत्या नावाने ओळखला आणि ती ओळख कोणत्या दप्तरात उतरली, या तीन प्रश्नांचा विचार आधी करावा लागतो.

प्रथम दप्तर घेऊ. मुंबई इलाख्यात ब्रिटिश अमदानीत जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे सोपविलेली होती. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठराविक असत : पटकी, देवी, पुढे प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि शेवटी 'इतर सर्व कारणे'. या यादीकडे थोडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, स्वतंत्र रकाना मिळालेल्या रोगांपैकी बहुतेकांस बाह्य खूण आहे. देवीचे व्रण दिसतात, प्लेगची गाठ दिसते, पटकीचे वांती-जुलाब घरादारास कळतात, बैलाने मारलेले किंवा विहिरीत पडलेले माणूस साऱ्या गावाने पाहिलेले असते. पाटील वैद्य नव्हता. आप्त जे सांगत ते तो लिहून घेई. भल्या पहाटे मोट धरण्यास गेलेला पन्नाशीचा धडधाकट कुणबी धावेवरच कोसळला, तर त्यास कोणत्या रकान्यात घालावयाचे? हृदयास रकाना नव्हता. तो 'इतर' मध्ये गेला असेल, किंवा मागील आठवड्यात त्यास कसकस होती एवढ्यावरून 'ताप' मध्येही गेला असेल. तापाचा रकाना तर सर्वांत फुगलेला असे, आणि त्यात काय काय दडले आहे याविषयी स्वतः सरकारी आरोग्याधिकारीच साशंक असत.

यावरून जुन्या काळी हृदयविकार पुष्कळ होता असेही सिद्ध होत नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानातील जन्मकालीन सरासरी आयुर्मान तिशीच्याही आत होते. ज्या वयात हृदयाच्या रोहिण्या अरुंद होऊन त्रास देऊ लागतात, त्या वयापर्यंत पोहोचणारेच थोडे होते. दप्तराचे मौन दोन्ही बाजूंनी मौनच आहे. त्यातून कोणतीही एक बाजू बोलकी करणे म्हणजे आपल्या मनातील गोष्ट पाटलाच्या लेखणीत घालण्यासारखे होईल.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे हृदयाच्या दुखण्यास नाव नव्हते असे मुळीच नाही. चरकसंहितेने हृदय, शिर व बस्ति ही तीन प्रधान मर्मे मानली असून हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. वर्ण पालटणे, मूर्च्छा, श्वास, तहान, ओकारी व वेदना ही लक्षणे तेथे आढळतात. वातज हृद्रोगात हृदय ताणल्यासारखे, टोचल्यासारखे, घुसळल्यासारखे वाटते, या आशयाचे वर्णन आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यासही ओळखीचे वाटेल. सुश्रुताने उत्तरतंत्रात हृच्छूलाचा निराळा विचार केला आहे. मात्र या पाच प्रकारांची आजच्या रोगनामांशी एकास एक जोडी लावण्याचा जो उत्साह काही लेखनात दिसतो, तो आम्हांस पटत नाही. प्राचीन ग्रंथकार लक्षणसमूहाचे वर्गीकरण दोषांच्या आधारे करीत होते. रोहिणीत गुठळी होऊन स्नायू मरतो ही कल्पना त्यांच्यापुढे नव्हती, आणि ती नव्हती म्हणून त्यांच्या निरीक्षणास उणेपणाही येत नाही.

ग्रंथांतील ही परिभाषा खेड्यापर्यंत कितपत पोहोचली, हा प्रश्न वेगळा. बोलीत 'काळीज' हा शब्द भीती, माया व धैर्य यांचे स्थान म्हणून वावरतो. रोगाचे स्थान म्हणून क्वचितच. शरीराचे दुखणे सांगताना माणसे 'छातीत कळ आली', 'ऊर दाटला', 'जीव घाबरा झाला', 'दम कोंडला' असे म्हणतात. कारण सांगताना मात्र ती पित्तावर, वातावर किंवा उसण भरण्यावर बोट ठेवतात. अलीकडे या यादीत 'गॅस' ची भर पडली आहे. या कारणमीमांसेत मूर्खपणा नाही. हृदयाची वेदना पुष्कळदा उरोस्थीच्या मागे, जठराच्या वरच्या अंगास जाणवते. तिच्याबरोबर मळमळ असते. जेवणानंतर ती वाढते. जठराची व हृदयाची वेदना मज्जातंतूंच्या जवळपासच्या वाटांनी मेंदूकडे जात असल्याने शरीर स्वतःच त्यांच्यात घोटाळा करते. आणि अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता आलेला मृत्यू तर करणीच्या किंवा मूठ मारण्याच्या खात्यावर जमा होई. अशा मृत्यूंच्या हकीकतींकडे केवळ अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून न पाहता आकस्मिक मृत्यूच्या नोंदी म्हणूनही पाहता येईल. एखाद्या विद्यार्थ्याने या दिशेने लोकसाहित्य चाळावे.

युरोपातही हा रोग ओळखला जाण्यास वेळ लागलाच. विल्यम हेबर्डन याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यसभेपुढे छातीच्या एका विकाराचे वर्णन केले; ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढण चढताना आणि जेवणानंतर लगेच चालताना, छातीत जीवघेणी कळ येते. माणूस थांबला की ती नाहीशी होते. त्याने या विकारास 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिले, पण त्याचे मूळ हृदयाच्या रोहिण्यांत आहे हे त्याने सांगितले नाही. हेबर्डनचे वर्णन वाचताना आम्हांस नेहमी तुकोबांच्या पालखीचा रस्ता आठवतो. पाटस सोडल्यावर रोटीचा घाट चढून पालखी बारामतीकडे वळते आणि पुढे काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. घाटाच्या चढणीवर छाती धरून थांबणारा आणि दोन मिनिटांत 'बरं वाटतंय' म्हणून पुन्हा टाळ वाजवू लागणारा प्रौढ वारकरी हा हेबर्डनचाच रुग्ण होय. थांबल्यावर कळ जाते हेच त्या दुखण्याचे निदान आहे, आणि थांबल्यावर कळ जाते म्हणूनच ते अंगावर काढले जाते.

रोहिणी एकाएकी बंद होऊनही मनुष्य काही काळ जगू शकतो आणि जिवंतपणीच त्याचे निदान करता येते, हे अमेरिकेत जेम्स हेरिक याने १९१२ मध्ये मांडले. आइंटहोव्हेनने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेले हृदयविद्युत्-आलेखाचे यंत्र या निदानाच्या कामी पुढील काळात रुळले. म्हणजे आज ज्यास आपण 'हार्ट ॲटॅक' म्हणतो तो रोग या नावाने व या अर्थाने ओळखता येऊ लागल्यास जेमतेम एक शतक झाले आहे. १९१२ पूर्वीच्या इंदापुरात हा रोग कोणी ओळखला नाही, यात इंदापूरचा दोष नाही. लंडन-शिकागोतही तो फारसा ओळखला जात नव्हता.

मराठी समाजात या रोगाचा पहिला तपशीलवार लेखी पुरावा कोणता, असे विचारल्यास आम्ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अखेरच्या आजाराकडे निर्देश करू. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस वारले. वयास एकोणसाठ पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. त्यांचे दुखणे अँजायनाचे होते, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरास भरलेल्या सामाजिक परिषदेस ते प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचले. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकाच्या शेवटच्या भागात या आजाराचा वृत्तान्त आला आहे. साहित्याचे अभ्यासक ते पुस्तक दांपत्यजीवनाचे व स्त्रीशिक्षणाचे साधन म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. परंतु रोगाच्या इतिहासकारासही तेथे मोठे धन आहे. रोग्याच्या उशाशी बसलेल्या, वैद्यक न शिकलेल्या, पण अत्यंत सावध अशा व्यक्तीने लिहिलेली ती हकीकत आहे. रोगी स्वतः दुखणे झाकतो, काम सोडीत नाही, घरच्यांना धीर देतो, आणि घरच्यांना मात्र त्याच्या चेहऱ्यावरून सर्व कळत असते. ही स्थिती कोणत्याही हृद्रोग्याच्या घरी आजही तशीच आढळते.

त्या वेळी उपाय तरी काय होते? अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ मध्ये व नायट्रोग्लिसरीनचा १८७९ मध्ये इंग्लंडात पुढे आला होता. त्यांनी कळ थांबे, रोग थांबत नसे. विश्रांती हाच मुख्य उपचार. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास, मुंबईसारख्या नगरीत, उत्तम डॉक्टर हाताशी असताना जे मिळाले ते इतकेच. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांस मधुमेह होता, आणि इन्सुलिनचा शोध लागण्यास अद्याप सहा वर्षे अवकाश होता. त्या काळच्या वैद्यकीय लेखनात मधुमेह हा बैठे काम करणाऱ्या शिकलेल्या वर्गाचा रोग मानला जाई. हे मत निरीक्षणावर आधारलेले होते, पण ज्यांचे निरीक्षण होऊ शकत होते अशांच्याच निरीक्षणावर. वकिलाचा, न्यायाधीशाचा, संपादकाचा मृत्यू लिहिला जाई, बागाइतदाराचा नाही. वृत्तपत्रांतील मृत्युवार्तांत 'हृदयक्रिया बंद पडून' हा शब्दप्रयोग रूढ झाला तोही याच वर्गापुरता. हा शब्दप्रयोग जितका प्रतिष्ठित तितकाच निरर्थक आहे, कारण हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोणीच मरत नाही.

आता भूमीकडे वळू. इंदापूर तालुका महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नव्या पाहणीस प्रारंभ केला तो येथेच. प्रिंगलच्या आधीच्या आकारणीने येथील कुणबी मोडून पडला होता. पुढे १८७५ मध्ये सावकारांविरुद्धच्या दंग्यांची ठिणगी पडली ती आजच्या बारामती तालुक्यातील सुपे या गावी. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. पर्जन्यछायेतील या पट्ट्यात ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी हे अन्न, आणि तेही वर्षभर पुरेल याची शाश्वती नाही. याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर नीरा डाव्या कालव्याचे काम उभे राहिले आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. भाटघरचे नवे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झाल्यावर पाण्याची हमी वाढली. ऊस वाढला, गूळ वाढला. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना व वालचंदनगरची वसाहत उभारली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. भीमेवरील उजनीचे पाणी १९८० च्या सुमारास आले. ज्या तालुक्यांचे नाव दुष्काळाच्या अहवालांत येई त्यांचे नाव दोन-तीन पिढ्यांत बागाइती समृद्धीशी जोडले गेले.

या स्थित्यंतराचा शरीरावर काय परिणाम झाला असावा? येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाचा आधार घ्यावा लागतो. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व अर्भके यांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे वजन इंग्लंडातील अर्भकांहून पुष्कळच कमी, सुमारे पावणेतीन किलोच्या आत, स्नायू कमी, पण त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला. दिसण्यास कृश आणि घडणीने मेदयुक्त असे हे बालक पुढे भरपूर अन्न व कमी श्रम अशा परिस्थितीत वाढले, तर मधुमेह व हृदयविकार यांस ते लवकर बळी पडते, असा या मीमांसेचा रोख आहे. ही खेडी बारामती-इंदापुरातील नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु तुटीच्या काळात घडलेली शरीरे विपुलतेच्या काळात येऊन पडणे, ही घटना जिल्ह्याच्या ज्या भागात अत्यंत वेगाने घडली त्यांत या दोन तालुक्यांचा समावेश करावाच लागेल. आजोबा मोट हाकीत, वडील सायकलवरून कारखान्यावर जात, नातू पिकअप चालवितो. ताटातला भात, साखर व तेल मात्र दर पिढीस वाढत गेले. 'पूर्वी रोग नव्हता' या विधानात तथ्याचा काही अंश असेल तर तो एवढाच आहे, आणि तो भाकरीच्या गुणापेक्षा पाण्याच्या, रस्त्यांच्या व यंत्रांच्या इतिहासाशी अधिक संबद्ध आहे.

समृद्धी सर्वांच्या वाट्यास आली असेही नाही. गळिताच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारा ऊसतोड कामगार श्रम करतो, कृशही असतो. म्हणून तो सुरक्षित आहे असे मानणे चुकीचे ठरेल. तंबाखू, उपचाराविना राहिलेला रक्तदाब, आणि लहानपणी घसा सुजून आलेल्या संधिवाती ज्वराने निकामी झालेल्या हृदयाच्या झडपा हे गरिबीचेच सोबती आहेत. हा संधिवाती ज्वर सांध्यांस केवळ चाटतो पण हृदयास चावतो, असे वैद्यकात म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या इस्पितळांतील हृद्रोग्यांत याच प्रकाराचा मोठा वाटा असे.

रक्तदाबाच्या इतिहासात मुंबईस मानाचे स्थान आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील प्रभाव तपासून आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. वैद्यांच्या वापरातील मुळी जगाच्या औषधकोशात गेली, आणि १९५७ मध्ये वकिलांस लास्कर पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच १९४९ साली वालचंद हिराचंद यांस पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते उद्योगातून निवृत्त झाले व १९५३ मध्ये वारले. त्यांच्या आजाराची कारणे शोधण्याचा येथे उद्देश नाही. परंतु धमन्यांचा विकार समाजाच्या कोणत्या थरात आधी दृष्टीस पडला, हे यावरून पुन्हा एकदा दिसते. रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच तो मोजल्याविना कळत नाही, आणि दुखत नसलेल्या गोष्टीसाठी रोज गोळी घेणे हे शेतकऱ्याच्या व्यवहारबुद्धीस पटत नाही.

धोक्याच्या कारणांविषयी आज संदिग्धता फारशी उरलेली नाही. बावन्न देशांतील रुग्णांवर आधारलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायामाचा व फळभाज्यांचा अभाव, तसेच मद्यपान यांच्या आधारे पहिल्या झटक्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा उलगडा होतो, असे दाखविले. दक्षिण आशियाई रुग्णांत पहिला झटका सरासरीने त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरत्र एकोणसाठाव्या सुमारास, हेही त्याच सामग्रीतून २००७ मध्ये पुढे आले. केवळ चघळण्याच्या तंबाखूनेही धोका दुपटीहून अधिक होतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यास व्यसनी म्हणतात. पहाटे चुलीपाशी मशेरी लावणाऱ्या बाईस कोणी व्यसनी म्हणत नाही. त्या बाईची छाती दुखतेच असे नाही, कधी नुसता थकवा येतो, दम लागतो, पाठ किंवा जबडा भरून येतो. आणि घरात तिच्या थकव्याची दखल सर्वांत शेवटी घेतली जाते. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर कधी कधी वेदना मुळीच न होता झटका येऊन जातो.

ओळख महत्त्वाची ठरली ती उपचार वेळेशी बांधले गेले म्हणून. रानड्यांच्या काळी निदान लवकर झाले असते तरी फारसे काही करता आले नसते. १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीने दाखविले की, साध्या ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटतात. गुठळी विरघळविणारे औषध जितके लवकर तितके अधिक गुणकारी. तेव्हापासून 'ही कळ पित्ताची की हृदयाची' या प्रश्नास तासांचे मोल आले. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी वेदना, ती डाव्या हातात, मानेत वा जबड्यात उतरणे, दरदरून थंड घाम, मळमळ, आणि विश्रांती घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत न थांबणे, ही लक्षणे असता ओवा-सोडा देऊन सकाळची वाट पाहणे म्हणजे हृदयाचा स्नायू गमावणे होय. बागाइती भागात घरे गावठाण सोडून उसातल्या वस्त्यांवर गेलेली आहेत. रात्री वस्तीवरून डांबरी रस्ता, तेथून तालुक्याचे गाव, आणि गरज पडल्यास शंभर किलोमीटरांहून दूर पुणे, अशी ही वाट आहे. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये आली, बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. वाट त्यामुळे आखूड झाली आहे. पण तिचा पहिला टप्पा, म्हणजे कळ आल्यापासून घरच्यांनी उठण्याचा निर्णय घेईपर्यंतचा काळ, कोणत्याही वाहनाने आखूड होत नाही.

दप्तराची कथाही अपुरीच आहे. २०१६ मध्ये देशातील मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले, १९९० मध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, असा अंदाज आहे. परंतु २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखला असलेले अवघे साडेबावीस टक्के होते. उरलेल्यांची कारणे कळावीत म्हणून रजिस्ट्रार जनरलच्या यंत्रणेने या शतकाच्या आरंभापासून दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासात निराळी रीत अवलंबिली. वैद्यकाचे शिक्षण नसलेला प्रशिक्षित गणक मृताच्या घरी जातो, प्रश्न विचारतो, आणि अखेरच्या आजाराची हकीकत घरच्यांच्या भाषेत लिहून घेतो. मग दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवितात. त्या सामग्रीच्या आधारे २०१८ मध्ये असे आढळले की, तीस ते एकोणसत्तर या वयोगटातील पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २००० नंतर खेड्यांत वाढत जाऊन शहरांच्याही पुढे गेले, आणि रोग आधीच ठाऊक असलेल्या मृतांपैकी निदान निम्मे नियमित औषध घेत नव्हते. पाटलाने जे विचारले नाही ते गणक विचारतो, एवढा फरक पडला आहे. उत्तर मात्र अजूनही ओसरीवर बसलेल्या घरच्या माणसाच्याच शब्दांत येते. त्याने 'कळ आली, घाम सुटला, हात धरून बसला' असे सांगितले तर डॉक्टर हृदयविकार लिहितात. 'रात्री पित्त झालं होतं' एवढेच सांगितले तर तो मृत्यू कोणत्या रकान्यात जाईल हे सांगवत नाही.